मनाच्या गाठी सोडवणाऱ्या लेखिका : लक्ष्मीबाई टिळक

पूर्वी अहमदनगर आणि २०२४ पासून अहिल्यानगर या नावाने ओळखला जाणारा आपला जिल्हा ही संतांची आणि सारस्वतांची भूमी आहे. प्रवरेच्या काठी नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली. राहुरी तालुक्यातील ताहराबाद येथे महिपतींनी संतांची चरित्रे ओवीबद्ध केली. याच भूमीत, नगर शहर आणि राहुरीच्या परिसरात, एका अल्पशिक्षित गृहिणीच्या आयुष्याला असे वळण लागले की, पुढे तिच्या हातून मराठीतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र लिहिले गेले. त्या गृहिणी म्हणजे ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक होत.

थोर व्यक्तींच्या चरित्रात संकटांचे वर्णन असतेच. दारिद्र्य, आजार, समाजाचा विरोध, आप्तांचा दुरावा ही संकटे लक्ष्मीबाईंच्याही वाट्याला आली. परंतु त्यांच्या चरित्राचे वेगळेपण असे की, त्यांच्या मार्गातील सर्वांत चिवट अडथळा बाहेर नव्हता, तो त्यांच्या स्वतःच्या मनात होता. पुढे व्हायला निघालेला हात मागे ओढणारे काहीतरी प्रत्येक माणसाच्या अंतरंगात असते. कधी ते भीतीचे रूप घेते, कधी लाजेचे, तर कधी पूर्वापार सवयीचे. लक्ष्मीबाईंनी ही सर्व रूपे अनुभवली आणि एकेक करून त्यांवर मात केली. त्यांच्या जीवनाकडे त्या दृष्टीने पाहणे आजही उद्बोधक ठरेल.

सोवळ्याचे बालपण

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर या गोदाकाठच्या गावी गोखले घराण्यात झाला. त्यांचे माहेरचे नाव मनकर्णिका. घरात त्यांना मनू म्हणत. घरावर वडिलांच्या कडक सोवळ्याचे राज्य होते. १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत जवळच्या नातलगाला फाशी झाली, त्या प्रसंगाचा वडिलांच्या मनावर खोल आघात झाला आणि तेव्हापासून विटाळाच्या भयाने त्यांना कायमचे ग्रासले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, हा नियम इतका टोकाला गेला की, मीठसुद्धा त्यातून सुटत नसे. एका माणसाच्या मनातील भय अशा रीतीने साऱ्या घराचा आचारधर्म होऊन बसले. मुलांचे खेळणे-बागडणे, हसणे-बोलणे या सर्वांवर त्याची सावली असे.

अशा घरात मुलीच्या शिक्षणाचा विचार कोण करणार? मनूला शाळा मिळाली नाही. मिळाला तो संस्कार एवढाच की, जगातील बहुतेक वस्तू आणि बहुतेक माणसे स्पर्शास अयोग्य आहेत. हा संस्कार तिने बुद्धीने स्वीकारलेला नव्हता, तो अंगात मुरलेला होता. बुद्धीने स्वीकारलेली गोष्ट युक्तिवादाने बदलता येते. अंगात मुरलेली गोष्ट मात्र युक्तिवादाला दाद देत नाही. पुढील आयुष्यात लक्ष्मीबाईंना झगडावे लागले ते याच मुरलेल्या भयाशी.

संसार आणि अर्धवट अक्षरओळख

१८८० साली वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. ते विद्वान, प्रतिभावान कवी आणि अत्यंत उदार मनाचे होते. त्याचबरोबर ते शीघ्रकोपी व भटक्या वृत्तीचे होते, आणि पैशाच्या बाबतीत कमालीचे बेफिकीर होते. नोकरी लागली की ती सुटे, बिऱ्हाड मांडले की ते मोडे. नाशिक, नागपूर, राजनांदगाव असे संसाराचे गाडे फिरत राहिले. घरात आलेला पैसा गरजूच्या हाती केव्हा जाईल याचा नेम नसे.

पत्नीने लिहावे-वाचावे अशी टिळकांची तळमळ होती आणि त्यांनी तिला स्वतः शिकवण्यास आरंभ केला. पण गुरू उतावीळ आणि शिष्या संकोची, त्यात संसार आज इथे तर उद्या तिथे. धडे सुरू होत आणि खंडित होत. लक्ष्मीबाईंना वाचता येऊ लागले, थोडेफार लिहिताही येऊ लागले. परंतु शुद्धलेखनाशी त्यांचे सूत कधीच जुळले नाही. विद्वान पतीच्या शेजारी आपण अडाणी, ही भावना त्यांच्या मनात घर करून राहिली. ज्या घरात एकजण इतका मोठा कवी असतो, तेथे दुसऱ्याने लेखणी उचलण्यास अधिकच धैर्य लागते. पुढे अनेक वर्षे हे धैर्य त्यांच्यापाशी नव्हते.

पाच वर्षांचा दुरावा

टिळकांच्या मनात धर्मविषयक चिंतन अनेक वर्षे चालू होते. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाईंवर जणू आकाशच कोसळले. वय अवघे सव्वीस. पदरी लहान मुलगा दत्तू. पती जिवंत असूनही तो दुरावलेला, आणि समाजाच्या नजरा चोहोकडून रोखलेल्या. त्या काळी ब्राह्मण स्त्रीला अशा प्रसंगी पतीकडे जाणे म्हणजे माहेर, सासर, जात आणि अन्नपाणी या साऱ्यांना एकदम मुकणे होते.

बहीण व मेहुण्यांच्या आधाराने लक्ष्मीबाईंनी हा काळ काढला. त्यातील बराच काळ पंढरपुरात गेला. दुःखाने त्यांची प्रकृती ढासळली. टिळक पत्रे पाठवत राहिले, भेटीस येत राहिले. पत्नीवर आपला धर्म लादावा असे त्यांनी कधी मनात आणले नाही. याच विरहाच्या काळात लक्ष्मीबाईंच्या मनातून पद्यपंक्ती उमटू लागल्या. त्यांमागे कवयित्री होण्याची महत्त्वाकांक्षा नव्हती. कोंडलेल्या मनाला वाट हवी होती आणि ती शब्दांतून मिळाली. अशुद्ध अक्षरांची लाज दुःखापुढे टिकली नाही. त्यांच्या निर्मितीचा झरा असा प्रथम संकटातच फुटला.

राहुरीची रात्र

टिळक त्या वेळी नगर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात होते. सुमारे पाच वर्षांच्या दुराव्यानंतर, १८९९ च्या सुमारास, लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नगरला आल्या. त्या पतीकडे आल्या होत्या, त्यांच्या धर्मात नव्हे. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, भांडी वेगळी. एकाच कुटुंबात दोन चुली. पतीचा शब्द त्यांना पटत होता, त्यांच्या भोवतीची माणसे सज्जन आहेत हे डोळ्यांना दिसत होते, तरीही त्यांच्या हातचे पाणी घशाखाली उतरणे शक्य नव्हते. जलालपूरच्या घरातील ते जुने भय अजून पहाऱ्यावर होते.

तो काळ शके १८२१ च्या भीषण दुष्काळाचा, म्हणजे १८९९-१९०० चा होता. नगर जिल्ह्यात अन्नपाण्याचा हाहाकार उडाला होता. मिशनची दुष्काळ-निवारणाची कामे चालू होती आणि त्या निमित्ताने टिळक कुटुंब राहुरीस गेले होते. जेथे थेंबभर पाणी दुर्मिळ, तेथे वेगळे पाणी सांभाळणे किती कठीण असेल याची कल्पना करता येते. या मुक्कामात एका रात्री लक्ष्मीबाईंच्या मनात विचारांचे काहूर माजले. जात देवाने निर्माण केली की माणसाने? जन्म, मृत्यू, भूक, तहान, देह हे सर्व जर सर्वांना सारखे, तर हा भेद आला कोठून? रात्रभराच्या या चिंतनाअंती त्यांना उत्तर मिळाले की, हे भेद मनुष्यनिर्मित आहेत. दुसऱ्या दिवसापासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्या सिद्ध झाल्या.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. हा निर्णय त्यांनी पतीच्या आग्रहाखातर घेतला नाही आणि धर्मांतराचा भाग म्हणूनही घेतला नाही. जातिभेदाचा त्याग आधी झाला. त्यानंतर १९०० साली त्यांनी दीक्षा घेतली. कोणी कोणता धर्म स्वीकारावा हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे आणि येथे तो विचाराचा विषय नाही. विचार करण्याजोगे आहे ते हे की, पाच वर्षे सर्वांनी समजावूनही जी गाठ सुटली नाही, ती त्यांनी स्वतः एकांतात, स्वतःच्या विचाराने सोडवली. दुसऱ्याने सोडवून दिलेली गाठ पुन्हा बसू शकते. स्वतः सोडवलेली गाठ सहसा पुन्हा बसत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, विचार पटताच त्यांनी तो कृतीत आणला. भय पूर्णपणे जाईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. आधी कृती आणि मग हळूहळू मनाची स्वस्थता, असा तो क्रम होता. मन तयार झाले की मग आरंभ करू, असे म्हणणाऱ्यांचे मन बहुधा कधीच तयार होत नाही.

सर्वांसाठी उघडे घर

या एका गाठीबरोबर इतर अनेक गाठी सैल झाल्या. कोणाच्या सावलीलाही भिणारी ही स्त्री पुढे दुष्काळातील अनाथ मुलांना पोटाशी धरू लागली. टिळकांच्या घरी निराधार मुले, विद्यार्थी, कवी, पाहुणे यांचा सतत राबता असे. नगरला प्लेगची साथ आली, तेव्हा लक्ष्मीबाईंनी आजारी मुलींची शुश्रूषा केली. प्लेगचे नाव काढताच रक्ताची नाती पळ काढीत असलेल्या त्या काळात हे कार्य केवढे धैर्याचे होते, हे सांगावयास नको. ज्यांच्या वडिलांनी मीठ धुऊन घेतले, त्याच कन्येने प्लेगच्या रुग्णाची उशी नीट केली.

या घराने मराठी कवितेलाही आसरा दिला. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या वयाच्या कवीने सर्वांची मने जिंकली. हेच पुढे बालकवी म्हणून प्रसिद्धीस आले. टिळकांनी त्यांना नगरला आपल्या घरी आणले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांची मुलासारखी काळजी घेतली. फुलांवर व मुलांवर कविता लिहिणारे टिळक आणि निसर्गाशी बोलणारे बालकवी यांच्या सहवासात लक्ष्मीबाईंची काव्यवृत्तीही बहरत गेली. पुढे त्यांच्या कविता ‘भरली घागर’ या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या.

नगर येथे १८४२ साली सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या संपादनाची जबाबदारी १९१२ पासून टिळकांकडे आली. घरात सतत लिहिणे, वाचणे, चर्चा चालत. लक्ष्मीबाई कीर्तने करू लागल्या, समाजात बोलू लागल्या. चार बायकांत तोंड उघडण्यास संकोचणाऱ्या व्यक्तीची ही वाटचाल एका दिवसात झालेली नाही. तिच्यामागे वर्षानुवर्षांचे लहान लहान प्रयत्न आहेत.

अपूर्ण ग्रंथाचे ओझे

१९०९ साली टिळकांनी येशूचे चरित्र सांगणारे ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य लिहावयास घेतले. परंतु सुमारे दहा अध्याय झाले असताना, ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. लक्ष्मीबाई त्या वेळी पन्नाशीला आल्या होत्या. आयुष्यभर ज्यांच्या छायेत त्या वावरल्या, ती छाया नाहीशी झाली. निर्वाहासाठी त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची देखरेख पाहिली. पुढे चिरंजीव देवदत्त, म्हणजेच दत्तू, नोकरीनिमित्त कराचीला असता काही काळ त्यांचे वास्तव्य तेथेही झाले.

पतीचे अपूर्ण महाकाव्य पुढे नेण्याचा विचार मनात येणे आणि ते प्रत्यक्ष हाती घेणे यांत फार मोठे अंतर होते. टिळक संस्कृताचे जाणकार, मान्यवर कवी. त्यांच्या ओवीपुढे आपली ओवी ठेवायची, म्हणजे तुलना अटळ. शिक्षण नाही, व्याकरण नाही, वय उताराला लागलेले. थांबण्यासाठी याहून सबळ कारणे कोणती हवीत? समाजानेही त्यांना दोष दिला नसता. पती गेल्यावर त्यांचे हस्तलिखित रेशमी वस्त्रात बांधून जपले असते, तरी लोकांनी त्यांच्या निष्ठेचे कौतुकच केले असते.

पण लक्ष्मीबाईंनी वेगळा मार्ग निवडला. टिळकांच्या तोडीचे लिहिता येईल की नाही, हा प्रश्न त्यांनी बाजूस ठेवला. अध्यायामागून अध्याय लिहीत त्यांनी चौसष्ट अध्याय पूर्ण केले. शेवटचा, शहात्तरावा अध्याय देवदत्तांनी लिहिला आणि १९३८ साली संपूर्ण ग्रंथ प्रकाशित झाला. ग्रंथाचा फार मोठा भाग अशा रीतीने त्या व्यक्तीने लिहिला, जिला शाळेचा उंबरठाही पाहता आला नव्हता. प्रारंभ पतीचा, विस्तार पत्नीचा आणि समाप्ती पुत्राची, असा योग साहित्याच्या इतिहासात विरळाच.

‘स्मृतिचित्रे’चा जन्म

देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी आईने आपल्या आठवणी लिहून द्याव्यात, असा त्यांनी आग्रह धरला. म्हणजे आरंभी लक्ष्मीबाईंचे काम केवळ सामग्री पुरवण्याचे होते. स्वतःचे आयुष्य लिहिण्याजोगे आहे, असे त्यांना वाटत नव्हते. घर सांभाळणाऱ्या बहुतेक स्त्रियांना असेच वाटते. पण आठवणी लिहिता लिहिता त्यांतून स्वतंत्र ग्रंथ आकारास आला. ‘संजीवनी’ साप्ताहिकातून आठवणी वाचकांपुढे आल्या आणि १९३४ पासून त्या पुस्तकरूपाने भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागल्या. पहिला भाग प्रसिद्ध झाला, त्या वेळी लेखिकेचे वय ६६ वर्षांच्या आसपास होते.

या ग्रंथाने मराठी वाचकांना चकित केले. त्यात पांडित्य नाही, उपदेश नाही, स्वतःची थोरवी नाही. आजी अंगणात बसून नातवंडांना सांगते, तशी सरळ, घरगुती भाषा आहे. पतीवर अपार भक्ती असूनही त्यांचा राग, त्यांचा विसराळूपणा, त्यांचा उधळेपणा लेखिकेने लपवला नाही. त्याच निर्मळपणे तिने स्वतःच्या फजितीही सांगितल्या. अत्यंत दुःखद प्रसंगांच्या शेजारी खळखळून हसवणारे प्रसंग येतात आणि वाचकाच्या मनात कोणाविषयीही कटुता उरत नाही.

येथे एक विलक्षण गोष्ट दिसते. शिक्षणाचा जो अभाव लक्ष्मीबाईंना आयुष्यभर उणीव म्हणून सलत राहिला, तोच या ग्रंथाचे बळ ठरला. पुस्तकी वळणाची भाषा त्यांना येत नव्हती, म्हणूनच त्यांची भाषा जिवंत राहिली. ज्या कारणासाठी त्यांनी लेखणी खाली ठेवावी असे त्यांचे मन त्यांना सांगत होते, नेमक्या त्याच कारणासाठी मराठीला त्यांच्या लेखणीची गरज होती. हे त्यांना आधी कळणे शक्य नव्हते. लिहिल्यानंतरच ते सर्वांना कळले.

साहित्यक्षेत्राने त्यांचा गौरव केला. ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांची जीवनयात्रा संपली. त्यानंतरही ग्रंथाचा प्रवास थांबला नाही. १९५० साली त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. २०१७ साली शांता गोखले यांनी संपूर्ण ग्रंथ नव्याने इंग्रजीत आणला. विजया मेहता यांनी त्यावर चित्रपट केला आणि त्यात सुहास जोशी यांनी लक्ष्मीबाईंची भूमिका साकारली. आज मराठीतील उत्तम आत्मचरित्रांची यादी कोणीही केली, तरी ‘स्मृतिचित्रे’ला वगळून ती पूर्ण होत नाही.

या चरित्राचा बोध

लक्ष्मीबाईंच्या जीवनाचा ताळेबंद मांडला, तर दिसते ते असे. आतील अडथळा एकदाच येऊन जात नाही. तो प्रत्येक वळणावर नवे नाव घेऊन उभा राहतो. बालपणी त्याचे नाव सोवळे होते, तारुण्यात लोकलज्जा, प्रौढपणी अज्ञानाची खंत आणि पतीनंतर तुलनेची भीती. उतारवयात तोच अडथळा विनयाचा वेष घेऊन आला. आपल्या साध्या आयुष्यात लिहिण्यासारखे काय आहे, असे तो कानात सांगू लागला. हा शेवटचा वेष ओळखणे सर्वांत कठीण, कारण तो सद्गुणासारखा दिसतो.

प्रत्येक वेळी लक्ष्मीबाईंचा उपाय मात्र तोच राहिला. मोठी प्रतिज्ञा नाही, गाजावाजा नाही. समोरचा पाण्याचा पेला उचलायचा, समोरच्या आजारी मुलीपाशी बसायचे, समोरची ओवी पूर्ण करायची. आजचे एवढेसे काम आज करायचे. अशा लहान कृतींच्या शिदोरीवरच जलालपूरची मनू ‘स्मृतिचित्रे’पर्यंत पोहोचली.

आपल्या प्रत्येक घरात एखादी आजी, एखादे काका असे असतात की, ज्यांच्यापाशी गावाच्या, पेढीच्या, कुटुंबाच्या आठवणींचा मोठा साठा आहे. दुष्काळाच्या, स्थलांतराच्या, पहिल्या दुकानाच्या, तुटलेल्या आणि पुन्हा जुळलेल्या नात्यांच्या कथा त्यांना ठाऊक आहेत. कोणाला भजन रचता येते, कोणाला चित्र काढता येते, कोणाला निवृत्तीनंतर शिकावयाचे राहून गेलेले काही शिकायचे असते. पण आता या वयात काय, आपल्याला कुठे येते, लोक काय म्हणतील, या तीन वाक्यांच्या कुंपणात ते सारे अडकून पडते आणि एके दिवशी माणसाबरोबर कायमचे निघून जाते. ही हानी कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही, म्हणून ती कमी मोठी नाही.

राहुरीच्या त्या रात्री एका स्त्रीने आपल्या मनाची एक गाठ सोडवली. त्या वेळी तिला किंवा इतर कोणाला कल्पना नव्हती की, या गाठीच्या पलीकडे मराठीचे एक अक्षरधन दडलेले आहे. आपल्या गाठींच्या पलीकडे काय आहे, हेही त्या सोडवल्याशिवाय आपणांस कळणार नाही. आपल्या जिल्ह्याच्या मातीत बहरलेल्या या थोर लेखिकेच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!